कॉपीचे वकील

आमच्या घरमालकांना म्हणसुद्धा फुकट वापरलेली चालत नसे. 'नाचता येईना अंगण वाकडं' एवढं म्हणून कोणीही माणूस गप्प बसतो की नाही? हे बसत नसत. लगेच शेपूट जोडत, "कर्ता अज्ञात. कोणाची हरकत असल्यास कळवावी." विनोद सांगायचा झाला तर आधी खुलासा, की हा विनोद औशाच्या एका न्हाव्याचा आहे, सांगायची परवानगी त्याने दिलेली आहे आणि तुम्ही हसलात तर तसं त्याला कळवण्यात येईल. तोवर विनोदाचा जीव गेलेला असायचा. तरी आम्ही हसत होतो, कारण त्या न्हाव्याला वाईट वाटू नये असं आम्हालाच वाटायला लागायचं.

मी लातूरला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालेलं होतं. गावाला जिल्ह्याचं वारं लागलं होतं. पानाच्या टपरीवर 'जिल्हा पान सेंटर', सलूनवर 'जिल्हा केशकर्तनालय' अशा पाट्या रंगून राहिल्या होत्या आणि नळ मात्र कोरडे. जिल्हा झाला, पाणी अजून तालुक्याचंच आहे, असं सगळे म्हणत. हे वाक्य माझं नाही, आमच्या दूधवाल्याचं. बघा, त्यांच्या घरात राहून मलाही खोड लागली.

माडीवरच्या दोन खोल्या त्यांनी मला भाड्याने दिल्या त्या एका अटीवर. इंग्रजी पत्राचा मसुदा ते सांगतील, मी तो शुद्ध करून द्यायचा आणि पत्राखाली 'भाषा अमुक बाईंची' असं लिहू द्यायचं. मी म्हटलं, वकीलसाहेब, नोटिशीच्या खाली माझं नाव कशाला? तर म्हणाले, "बाई, श्रम तुमचे आणि सही माझी, हे माझ्याच्याने व्हायचं न्हाई." मग मी अट मान्य केली. दुसरं घर मिळतही नव्हतं म्हणा.

घराणं लिंगायत, मोंढ्यात तीन पिढ्यांची अडत. वडलांची इच्छा मुलाने गादीवर बसावं. हे हैदराबादेत जाऊन कायदा शिकून आले. त्यामुळे त्यांचा निम्मा कायदा उर्दूत होता. फाईलला मिसल म्हणत, फिर्यादीला मुद्दई. घरात आईशी कानडी, कोर्टात मराठी, आणि राग आला की तिन्ही भाषा एकदम. बैठकीत एक कपाट होतं, त्यात देशोदेशीचे लेखनहक्काचे, म्हणजे कॉपीराइटचे, कायदे, हैदराबादच्या रद्दीवाल्यांकडून उचललेले. लोक जिथे देवाचे फोटो लावतात तिथे यांचं ते कपाट. त्यांच्या बायको म्हणायच्या, "ह्यांची सवत त्यात ऱ्हाती."

तर असा हा माणूस, आणि काम काय मिळायचं? बांधाचे कज्जे. याने त्याचा बांध कोरला, त्याने याच्या धुऱ्यावरचं बाभळीचं झाड तोडलं. वर्षानुवर्षं हेच. पण जिल्हा झाला, नवं कोर्ट आलं, आणि यांनी हौसेने नवी पाटी करून घेतली. नावाखाली ठसठशीत अक्षरात 'कॉपीराइटचे तज्ज्ञ'.

लातूरमध्ये कॉपी म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याच्या लक्षात पुढचं आलंच असेल. मार्चमध्ये पाटी लागली आणि दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू झाल्या. पहिल्याच आठवड्यात अहमदपूरकडचा एक बाप मुलाला दंडाला धरून हजर. पोरगं परीक्षेत चिठ्ठीसकट सापडलेलं. बाप हात जोडून म्हणाला, "साहेब, कॉपीचा बी राइट असतोय म्हणं. तेवढा आमच्या पोराला मिळवून द्या." वकीलसाहेबांनी त्याला हाकलला नाही. बसवून घेतलं, पोराला चिठ्ठी दाखवायला लावली, वाचली, आणि विचारलं, हे उत्तर कोणाचं? गाईडातलं. मग गाईडवाल्याचं नाव चिठ्ठीवर का लिहिलं नाहीस? पोरगं रडायला लागलं. त्या दिवसापासून कोर्टात, मोंढ्यात, बसस्टँडवर, सगळीकडे त्यांचं नाव पडलं 'कॉपीचे वकील'. हे नाव कोणी पाडलं ते शोधायला ते चार दिवस फिरत होते. रागाने नाही, श्रेय द्यायला.

लग्नात तर त्यांना न्यायची चोरी होती. एकदा उदगीरला माझ्याच शाळेतल्या एका बाईंचं लग्न. उन्हाचा कहर, मांडवात माणसं घामाने निथळून राहिलेली, आणि मंगलाष्टकं संपता संपता हे उठून उभे. ही शेवटची दोन कडवी फार सुरेख आहेत, रचली कोणी? कोणीतरी म्हणालं, नवरीच्या मामांनी. झालं! मामांना पुढे बोलावलं, नवरदेवाच्या गळ्यात पडायचा हार आधी मामांच्या गळ्यात. मामा लाजून लाल झाले असं आम्हाला वाटलं. पण ते लाजून नव्हतं. जेवणाच्या पंगतीत मामा हळूच यांच्या शेजारी येऊन बसले आणि कबूल केलं, की ती कडवी त्यांनी एका छापील पुस्तकातून उतरवलेली. यांनी हातातला घास तसाच ठेवला. आता मूळ कवीला हार कसा पोचवायचा, याची चर्चा मठ्ठा संपेपर्यंत चालली.

मी चिडून एकदा म्हणाले, की अहो, शब्दच ते, हवेत जातात, त्यांचा कसला आलाय सातबारा? जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी मला तेव्हा सगळं समजावलं होतं. म्हणाले, पूर्वी औशाची पायली निराळी होती, निलंग्याची निराळी. ज्वारी तीच, माप गावागणिक बदलायचं. तसंच हे. कुठल्या देशात गाणं तोंडातून निघालं की ते तुमचं. कुठल्या देशात ते कागदावर उतरलं तरच तुमचं. कुठे दप्तरात नोंद केल्याशिवाय फिर्यादच घेत नाहीत, कुठे नोंदीला कोणी विचारत नाही. फ्रान्समध्ये म्हणे माणूस हक्क विकून बसला तरी त्याचं नाव त्याच्या कामावरून कोणाला पुसता येत नाही, तो मेल्यावरही नाही. आणि आपल्याकडे? आपल्याकडे शब्दांना मालक आहे, चालीला आहे, पण गाणाऱ्याच्या गळ्याला नाही. त्या काळचा कायदा तसाच होता. हे सांगताना ते इतके रंगले की खालून चहा आला तोही गार झाला. मला वाटलं, या माणसाला आयुष्यात एकदा तरी असा खटला मिळावा हो, नाहीतर हा बांध कोरता कोरताच म्हातारा होईल.

खटला मिळाला, तो माझ्या शाळेतून.

माझ्या भावाने मुंबईहून एक कॅसेट आणून दिली होती. देशोदेशींच्या कष्टकरी बायकांची गाणी. फ्रान्समध्ये तयार झालेली, अमेरिकेतही निघालेली, आणि आपल्याकडे मुंबईतली एक कंपनी ती विकत होती. मधल्या सुट्टीत मी ती शिक्षकखोलीत लावली. तेव्हा आमच्या शाळेच्या शिपाई गयाबाई चहाचे कप गोळा करत होत्या. मुली त्यांना मावशी म्हणायच्या. एक गाणं सुरू झालं, मागे हातोड्यांचा ठोका आणि पुढे एका बाईचा आवाज.

हळू फोड गं माय, दगडाला लागंल
उन्हामंदी बसलाय, त्यो पानी मागंल

गयाबाई होत्या तिथेच थांबल्या. म्हणाल्या, ह्यो माझा गळा हाय. आम्ही सगळ्या हसलो, चेष्टा वाटली. पण त्या यंत्राकडे बघतच उभ्या होत्या. गाणं संपलं, पुढचं कुठल्यातरी परक्या भाषेतलं सुरू झालं, आणि त्यांनी मला विचारलं, "बाई, यशी कुठं गेली?"

मग हळूहळू सगळं कळलं. बहात्तरच्या दुष्काळात गयाबाई अहमदपूरकडे सडकेच्या कामावर खडी फोडायला होत्या. तिथे जीपगाडीतून एक गोरा माणूस यंत्र घेऊन आला होता. त्याने बायकांना गायला लावलं, लेमनच्या गोळ्या वाटल्या, निघून गेला. गाणं गयाबाईंनी केलेलं. त्याचं शेवटचं कडवं असं होतं.

खडी झाली बारीक, सडक गेली लांब
यशी म्हनं माय, माझ्यासाठी थांब

यशी म्हणजे यशोधरा, त्यांची मुलगी. घराण्यात बुद्धाचा धम्म आल्यावर नव्या वळणाचं नाव मिळालेली पहिली पोर. त्या कामावर आईच्या शेजारी जुन्या लुगड्याच्या सावलीला बसायची. डबक्याचं पाणी पिऊन तिला जुलाब लागले आणि त्याच उन्हाळ्यात ती गेली. कॅसेटवाल्यांनी जागा पुरेना म्हणून की काय, शेवटचं कडवं कापून टाकलं होतं. डबीवर छापलं होतं, 'पारंपरिक, कर्ता माहीत नाही.'

मी गयाबाईंना घेऊन वकीलसाहेबांकडे गेले. त्यांनी जय भीम घातला, यांनी लिंगायतांच्या रीतीने शरणार्थ म्हटलं. मला वाटलं होतं आता हे आनंदाने उड्या मारतील. पण कॅसेट ऐकून झाल्यावर त्यांनी आधी डबी उलटसुलट करून वाचली. मग गयाबाईंना विचारलं, बाई, तुम्हाला नेमकं काय पाहिजे? पैसा मागायचा का? गयाबाई म्हणाल्या, "पैशाचं काय नको. तिचा फोटो न्हाई. शाळंत नाव घातलं नव्हतं. तिचं नाव त्या गान्यातच हाय, साहेब. तेवढं कापलं म्हंजी ती झालीच नव्हती म्हनायचं का?"

झालं. कपाट उघडलं, सगळे देश खाली आले. लेखनहक्काचा दावा जिल्हा न्यायालयातच लावावा लागतो, आणि फिर्यादी जिथे राहतो तिथल्याच जिल्ह्यात लावता येतो. हे कलम त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं. जिल्हा झाला नसता तर गयाबाईंना उस्मानाबादला खेटे घालावे लागले असते! सरकारने लातूर जिल्हा याच दाव्यासाठी केला, असं ते मोंढ्यात सांगत फिरले. नव्या कोर्टातला हा तसला पहिलाच दावा. कारकुनाला तो कुठल्या रकान्यात नोंदवायचा हेच कळेना, त्याने तो आधी बांधाच्या कज्ज्यांत टाकला होता.

फ्रान्सला पत्र गेलं, अमेरिकेला गेलं, भाषा माझी. उत्तरं आली ती अगदी त्यांनी जिन्यावर सांगितल्यासारखी. अमेरिकेतल्या कंपनीने विचारलं, गाणं तुमच्या बाईंनी कधी कागदावर लिहिलं होतं का? नोंदवलं होतं का? नसेल तर आमच्या इथे तो नुसता वारा. फ्रान्सवाले म्हणाले, कर्त्याचं नाव आणि त्याचं काम जसंच्या तसं ठेवणं आम्हाला बंधनकारकच आहे, पण कर्ता कोण ते सिद्ध करा. म्हणजे सगळं येऊन थांबलं एका प्रश्नावर. गळ्याला आपल्याकडे हक्क नव्हता. शब्द गयाबाईंचे आहेत, हे लातूरच्या कोर्टात शाबीत व्हायला हवं होतं.

मुंबईच्या कंपनीचे वकील आले. सभ्य गृहस्थ, आवाज चढवत नसत. पण त्यांनी टाकलेला पेच असा होता की आमचे कॉपीचे वकील पांढरेफटक पडले. ते न्यायाधीशांना म्हणाले, की महाराष्ट्रातली रीत सगळ्यांना ठाऊक आहे. अभंग असो, भजन असो, शेवटच्या ओळीत 'अमका म्हणे' असं ज्याचं नाव येतं तोच त्याचा कर्ता. यांनीच दाखल केलेल्या कडव्यात 'यशी म्हनं' आहे. म्हणजे कर्ती यशी. मग या बाईंचा दावा कसा?

आपलीच रीत, आपल्याच अंगावर उलटली. वकीलसाहेबांनी गयाबाईंना पिंजऱ्यात उभं केलं. आदल्या दिवशी त्यांना पढवून ठेवलं होतं, की एवढंच म्हणायचं, गाणं मी केलं, यशीचं नाव मायेने घातलं. दोन वाक्यं. दावा तिथेच निकालात निघाला असता.

गयाबाई म्हणाल्या, "गान्याच्या पहिल्या दोन वळी माझ्या न्हाईत."

वकीलसाहेब त्यांना खुणा करत होते, मी मागच्या बाकावर कपाळाला हात लावला. त्या आपल्या सरळ न्यायाधीशांकडे बघून सांगत होत्या. मी दगड फोडत व्हते. यशी म्हनली, माय, हळू फोड, दगडाला लागंल. मी हसले. ती म्हनली, उन्हात बसलाय, त्यो पानी मागंल. ते मी मग चालीवर घातलं. बाकीच्या वळी मी जोडल्या. पर गानं तिचं हाय, साहेब. शपथ घेऊन मी तिचं कसं काढून घेऊ?

वकीलसाहेबांनी पुढची तारीख मागून घेतली. घरी येईपर्यंत मान खाली घालून पुढे पुढे चालत राहिले. मी मात्र वाटेत गयाबाईंवर रागावले, की अहो, तिच्यासाठीच चाललंय ना सगळं, एवढं म्हणायला काय हरकत होती? त्या म्हणाल्या, बाई, तिच्यासाठीच म्हनले न्हाई. मला माझाच राग आला.

त्या आठवड्यात वकीलसाहेबांनी बांधाचा एकही कज्जा चालवला नाही. जेवताना चटणी कोणाची हेही विचारलं नाही, म्हणून त्यांच्या बायको घाबरल्या. कपाटातली सगळी पुस्तकं जमिनीवर आणि हे मधे मांडी घालून. रविवारी सकाळी जिन्यातून मला हाक मारली. मी खाली गेले तर डोळे लाल आणि चेहरा फुललेला.

"बाई, सगळे देश धुंडाळले. मापं सगळी निराळी. कुठे लिहायला पाहिजे, कुठे नोंदवायला पाहिजे, कुठे मेल्यावर इतकी वर्षं हक्क, कुठे तितकी. पण कर्त्याला वय किती पाहिजे, ही अट एकाही मुलखात न्हाई. बोबडं लेकरू बी कर्ता होऊ शकतं." आणि मग एवढा मोठा माणूस माझ्यासमोर पंच्याच्या सोग्याने डोळे पुसायला लागला.

पुढच्या तारखेला त्यांनी दावा दुरुस्त करून मागितला. कर्त्या दोन. पहिली यशोधरा, मयत, तिच्या हक्काची वारस तिची आई. दुसरी गयाबाई. प्रतिवादींच्या वकिलांनी रीत सांगितली ती आम्हाला शंभर टक्के मान्य आहे, असं त्यांनी भर कोर्टात सांगितलं. शेवटच्या ओळीत जिचं नाव, तीच कर्ती, आणि तेच नाव तुम्ही कापलंत. मुंबईचे वकील थोडा वेळ कागद चाळत राहिले. मग उठून म्हणाले, माझ्या अशिलाला तडजोडीचा सल्ला देण्याची मला परवानगी असावी. भला माणूस. कोर्टाबाहेर त्यांनी गयाबाईंना वाकून नमस्कार केला, आणि आमच्या साहेबांनी त्यांना घरी नेऊन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली. चटणीचे हक्क कोणाचे ते अर्थात सांगितलंच.

नव्या कॅसेटी यायला पुढचा उन्हाळा उजाडला. तेव्हाही गावात टँकरच चालू होते. वकीलसाहेब भर दुपारी काळा कोट घालून शाळेत आले, मधल्या सुट्टीच्या थोडं आधी. शिक्षकखोलीत आम्ही गयाबाईंना खुर्चीवर बसवलं आणि गाणं लावलं. शेवटचं कडवं आलं, 'यशी म्हनं माय, माझ्यासाठी थांब', आणि त्या खुर्चीवरून उठून यंत्राला हात लावून उभ्या राहिल्या. डबीवर छापलेलं मी त्यांना वाचून दाखवलं. यशोधरा, आणि खाली गयाबाई.

वकीलसाहेब मात्र तोंड पाडून बसले होते. त्यांनी हिशोब मांडला. आपल्याकडे नाव लागलं. कोर्टाचा तडजोडीचा हुकूम पाठवल्यावर फ्रान्समध्येही लागलं, आणि तिथे ते आता कोणाच्या बापाला काढता येणार नाही. पण अमेरिकेतल्या कंपनीने साफ नाही म्हटलेलं होतं. तिथली कॅसेट अजून तशीच, नाव नसलेली, कडवं कापलेली. पण आपण सोडायचं नाही, ते म्हणाले, तिथल्या कोर्टात जाऊ, मी वाचून राहिलोय, रस्ता सापडेल.

गयाबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, बाई, हे फ्रान्स कुठं आलं? भिंतीवर जगाचा नकाशा होता. मी त्यावर बोट ठेवून दाखवलं. त्या जवळ जाऊन त्या देशाच्या रंगाकडे बघत राहिल्या.

"तिथं पाऊस पडतो का, साहेब?"

वकीलसाहेब माझ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "पडतो. लई पडतो."

"मंग बास झालं. ऱ्हाऊ द्या तिला तिथंच," गयाबाई म्हणाल्या. "लई तान्हेली गेली माझी पोर."

आणि त्या सुट्टीची घंटा द्यायला बाहेर गेल्या.